गोळ्या संपल्या, पण खाल्ल्या कोणी?

लोक मला नर्स म्हणायचे आणि मी दुरुस्त करत नव्हते, तेवढा खोटेपणा आधीच कबूल करते. मी नर्स नाही. सातवी शिकलेली वरोऱ्याची बाई. चंद्रपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात कॅन्सरच्या ओपीडीबाहेर स्टुलावर बसायचे आणि येणाऱ्या बायांना ‘पहिले कागद काढा, मंग चपला काढा’ असं सांगायचे. पुढे मॅडमनी मला स्टुलावरून उठवलं आणि गोळ्या मोजायला लावलं. बाकीची सगळी नोकरी मी चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत फिरून बायांच्या गोळ्या मोजण्यात घालवली. गावोगाव माझं नाव ‘गोळीवाली बाई’ पडलं. आधी राग यायचा. आता त्या नावानं कोणी हाक मारत नाही, तर चुकल्यासारखं वाटतं.

मॅडम म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टर, आणि संशोधनही करायच्या. नाव लिहायचं नाही असं त्यांनी मला बजावलं आहे, म्हणून नुसतं मॅडम. त्यांचा एक लेख परदेशातल्या मासिकात छापून आला आणि जगभर गेला. तो लेख माझ्या पायांवर उभा होता, आणि त्यात एक मोठं भोक होतं, तेही माझ्याच हातचं. ते सांगायला बसले आहे.

थोडं आजाराचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. छातीतली गाठ लवकर सापडली तर काढून टाकता येते. आमच्याकडे ती लवकर सापडत नाही. दुखत नाही म्हणून बाई सांगत नाही, आणि जागाच अशी की नवऱ्याला सांगायची लाज, सासूला सांगायची भीती. दवाखान्यात येईपर्यंत आजार हाडात नाहीतर फुप्फुसात पोचलेला असतो. मग तो मुळापासून जात नाही. पण दाबून ठेवता येतो, काही बायांचा तर पुष्कळ वर्षं. काही गाठी बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसतात, तिथं रोज एक गोळी चालते. मी बायांना सांगायचे, चुलीला लाकूड लागतं तसं त्या गाठीला हे हार्मोन लागतं. गोळी लाकूड काढून घेते. पण रोज काढावं लागतं. एक दिवस सोडला की आत पुन्हा पेटतं.

शहरातले मोठे डॉक्टर म्हणायचे, जंगलातल्या बायांना घरी गोळ्या देऊन उपयोग नाही, त्या घेतच नाहीत. या बोलण्यानं मॅडमचं डोकं फिरायचं. त्यांनी ठरवलं, दाखवूनच देऊ. दर महिन्याला घरी जाऊन कोणी विचारलं, तर आमच्या बायाही नेमानं गोळी घेतात. ते विचारणारं ‘कोणी’ म्हणजे मी.

माझ्याकडे एक झोळी, त्यात गोळ्यांची पाकिटं, एक रजिस्टर आणि छापील फॉर्म. दर महिन्याला तीस गोळ्या द्यायच्या, मागच्या महिन्याची रिकामी पाकिटं परत घ्यायची, उरल्या असतील तर मोजायच्या. फॉर्मवर तिसरा प्रश्न होता, ‘मागील महिन्याच्या गोळ्या संपल्या का?’ होय, नाही. हा प्रश्न लक्षात ठेवा. याच प्रश्नानं आमचा घात केला.

मोजणं सोपं वाटतं ना? जिवतीच्या पहाडावरच्या एका आजीनं सगळी पाकिटं ज्वारीच्या कणगीत जपून ठेवलेली.

मी म्हटलं, “आजी, काऊन नाई खाल्ल्या वो?”

“खाईन ना. आजारी पडली की खाईन.”

“मंग आता काय हाये तुमाले?”

“आता कॅन्सर हाये. आजारी थोडी हाये मी.”

अशा बाईपुढे काय फॉर्म भरता? मी तिथंच कणगीला टेकून बसले. चार महिने लागले तिला पटायला. एटापल्लीकडची दुसरी एक, तिला मराठी फार येत नव्हती, मला गोंडी येत नव्हती. तिनं घराच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारलेल्या, रोज एक. तिची भिंत माझ्या रजिस्टरपेक्षा बरोबर निघाली. एकदा माझाच एक महिना चुकला होता, तिनं भिंतीकडे बोट दाखवून मला गप्प केलं.

आणि या सगळ्यांत माझी पहिल्या नंबरची बाई म्हणजे सुमन.

सुमनचं गाव तळ्याच्या काठावर. गावाचं नाव लिहीत नाही, लहान गाव आहे. तळ्यातली मासोळी, थोडी धानाची शेती, बाकी मजुरी, असं चालणारं. सुमन चाळिशीची, आजार पाठीच्या मणक्यात गेलेला, तरी घर सारवून बसलेली असायची. मी गेले की रिकामी पाकिटं लुगड्याच्या फडक्यात बांधून तयार. एक गोळी कधी उरली नाही. दोन वर्षं मी तिच्या नावापुढे ‘होय’ आणि ‘शून्य’ लिहिलं. दुसऱ्या बायांना मी तिचं उदाहरण द्यायचे. “सुमनले पाहा, पाठ दुखते तरी एक गोळी सोडत नाई. आन तुमाले काय झालं?” किती जणींना मी असं टोचलं असेल. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

त्यातलं एक वर्ष झालं तेव्हा लेख छापून आला. मॅडमनी मला मासिक दाखवलं. इंग्रजी, बारीक अक्षर, मधे तक्ते. गोळ्यांवरची इंग्रजी नावं वाचून वाचून मला अक्षरं लागायची, म्हणून मी शेवटपर्यंत बोट फिरवलं. माझं नाव कुठं नाही. शेवटी दोन ओळींत घरोघर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आभार होते. मी म्हटलं, “मॅडम, कर्मचारी मी एकटीच व्हती.” त्या हसल्या आणि लाजल्याही.

लेखाची किंमत कशी ठरते, तेही मला त्याच वर्षी कळलं. तो किती चांगला आहे, हे कोणी बघत नाही म्हणे. दुसऱ्या किती लेखांनी त्याचं नाव घेतलं, ते मोजतात. जितकी नावं घेतली तितका लेख वजनदार. दवाखान्यातले आकडेवाले सर, म्हणजे संशोधनाचा हिशेब बघणारे, दर सोमवारी कंप्युटर उघडून मॅडमना सांगायचे, “अजून एकानं घेतलं.” मी म्हटलं, सर, आमच्या वरोऱ्याच्या वॉर्डात सगळ्यात जास्त नाव नळावर भांडणाऱ्या बाईचं घेतात. सरांना ते आवडलं नाही.

पण लेखानं काम केलं, हे नाकारणार नाही. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या, दुसऱ्या राज्यांतल्या दवाखान्यांनी आमच्यासारखीच बाई नेमली, आमच्यासारखीच झोळी दिली, आणि आमचाच फॉर्म छापून घेतला. तिसऱ्या प्रश्नासकट.

लेख येऊन वर्ष झालं असेल. सुमनचा नवा स्कॅन आला आणि मॅडमनी मला आत बोलावलं. आजार मणक्यातून खुब्याच्या हाडात उतरला होता.

“बाई, हिनं एकही गोळी सोडलेली नाही ना?”

मी रजिस्टर उघडून दाखवलं. होय, शून्य, होय, शून्य. सगळीकडे माझी सही.

“मग गोळी हिला लागू पडत नाही. बंद करा. सलाईनमधून औषध द्यावं लागेल, दर तीन आठवड्यांनी इथं यावं लागेल.”

सुमननं एका वाक्यात निरोप पाठवला, मी नाई येत. स्कॅनला ती कशीबशी येऊन गेली होती, पण दर तीन आठवड्यांनी एस.टी.त चार तास बसायला तिला पाठ नव्हती, आणि सलाईनच्या औषधानं केस गेलेली, ओकून मेलेली एक बाई तिनं माहेरी पाहिली होती. म्हणजे गोळी बंद आणि दुसरं काही नाही. घरी बसून वाट पाहायची. मॅडम म्हणाल्या, “तुमचं ऐकते ती. समजावून आणा. आणि उरलेल्या गोळ्या परत घ्या, उगाच घेत बसायला नको.”

मी गेले त्या दिवशी तळ्यावर मासोळी काढणं चालू होतं. अख्खा गाव काठावर. सुमन एका गोणपाटावर बसली होती, कमरेला पंचा घट्ट बांधून. मला म्हणाली, “बसा, बाई. वाटे होऊ द्या, मंग बोलू.”

वाटे कसे होतात ते मी पहिल्यांदाच पाहिलं. जाळं कोणीही ओढो, मासोळी एकाची नसते. सगळी एका जागी ओततात, घरं तितके ढीग करतात. ज्या घरी जाळं टाकायला माणूस उरला नाही, त्या घराचाही ढीग. मग एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर हात ठेवून विचारतो, “हा कोणाचा?” पाठमोरा माणूस नाव घेतो. ज्याचं नाव आलं त्याचा तो ढीग, लहान असो मोठा असो. भांडायला जागा नाही.

वाटे झाले. आम्ही घरी आलो. मी सलाईनचं सगळं समजावलं, ती नुसती ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, “बरं, विचार कर. पण या महिन्याच्या उरलेल्या गोळ्या दे वापस. मॅडमनं बंद केल्या.”

सुमन उठली. घरात गेलीच नाही. अंगणातूनच बाजूच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, “शेवंता, तुह्यावाल्या गोळ्या आन वं. बाई वापस मांगून राह्यली.”

शेवंता म्हणजे तिची जाऊ. हात पुसत आली, फडक्यात बांधलेल्या गोळ्या घेऊन. मी दोघींकडे पाहत बसले. मला वाटलं माझं काहीतरी ऐकण्यात चुकलं.

“हिच्या कोणत्या गोळ्या?”

सुमन शांतपणे म्हणाली, “अर्ध्या तिच्या ना. एक दिवस मी, एक दिवस थे. तिलेही गाठ हाये. डाव्या अंगाले. दोन वर्सं झाले.”

“दोन वर्षांपासून तू अर्ध्याच खाऊन राह्यली?”

“मंग? घरात आलेलं एकटीनं खावं काय?”

माझ्या डोक्यात काय झालं ते लिहिता येत नाही. मी ओरडले असेन, कारण शेजारची कोंबडी उडाली. मी म्हटलं, ही मासोळी नाही, बाप्पा, हे औषध आहे. मी दर महिन्याला दारात येऊन बसते, चहा पिते, विचारते, एकदा तरी सांगायचं. सुमनला उलट माझंच नवल वाटलं.

“तुमी इचारलं, गोळ्या संपल्या का. संपल्या व्हत्या. मी हो म्हटलं. खोटं बोलली का मी?”

नव्हती बोलली. मी उखळावर बसले.

शेवंताला विचारलं, “आन तू? तुले दवाखान्यात यायले काय झालं व्हतं?”

“एका घरातून दोघी गेल्या असत्या, मंग पोरीले कोणी पाहायले आलं असतं का? लोक म्हणते, यायच्या घरातच हाये हा आजार.” मग म्हणाली, “आन गोळी तं घरी येऊनच राह्यली व्हती.”

दोघींचं चुकलं कुठं, तेच मला त्या वेळी सांगता येईना. मला राग मात्र सगळ्यांचा आला. सुमनचा, शेवंताचा, तो प्रश्न छापणाऱ्याचा, आणि जी बाई दोन वर्षं पाकिटं मोजत बसली आणि खाणाऱ्या तोंडाकडे एकदा बघितलं नाही, तिचा. माझ्या सहीनं सुमनची गोळी बंद झाली होती. गोळी तिला लागू पडते की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण पूर्ण गोळी तिनं कधी खाल्लीच नव्हती.

फडक्यातल्या गोळ्या मी परत घेतल्या नाहीत. सुमनच्या हातात दिल्या आणि म्हटलं, “मॅडमशी मी बोलतो. तोवर रोज एक. तूच. माह्या समोर खा.” असं करायचा मला अधिकार नव्हता. तिथूनच मॅडमना फोन लावला. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढल्यावर रेंज येते. सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, “बरोबर केलंत. दोघींना घेऊन या.”

सलाईन नाही, नुसती तपासणी, असं कबूल करून दोन दिवसांनी दोघींना आणलं. एस.टी.त सुमन आडवी, डोकं माझ्या मांडीवर, शेवंता खिडकीशी तोंडाला पदर लावून, कोणी ओळखू नये म्हणून. कंडक्टरनं विचारलं, “बाई, पेशंट कोण?” मी म्हटलं, “दोघी. आन आता तिसरी मी.”

दवाखान्यात खोलीचं दार लावून घेतलं. मॅडम, आकडेवाले सर आणि मी. मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, “एका बाईनं निकाल बदलत नाही. एवढ्या बायांमध्ये एक.” त्यांचंही खोटं नव्हतं, त्यांच्या हिशेबात सुमन म्हणजे दाण्याएवढी. पण मला राहवलं नाही.

“सर, एकीचं मले गोळ्या वापस मांगितल्या म्हणून कळलं. बाकीच्यांच्या घरी मी कधी मांगितल्याच नाई.”

मॅडम खिडकीकडे बघत होत्या. पुढच्या महिन्यात त्यांना कुठल्याशा मोठ्या सभेत याच लेखावर बोलायचं होतं, तिकीट आलं होतं. मला वाटलं, आता म्हणतील, बाई, हे आपल्यातच राहू द्या. खरं सांगते, मी मनात त्यांना तोंडावर बोलायची तयारी केली होती, नोकरी गेली तर गेली.

त्या म्हणाल्या, “बाई, सगळ्या घरी पुन्हा जा. पाकिटं मोजू नका. विचारा, खाल्ल्या कोणी.”

गेले. दोन जिल्हे पुन्हा पालथे घातले. पहाड, जंगल, नाले, सगळं. बहुतेक बाया खरंच स्वतः खात होत्या, हे आधी सांगते, नाहीतर शहरातले डॉक्टर पुन्हा म्हणतील, पाहा. पण सुमनसारख्या आणखी निघाल्या. एकीनं आईला दिलेल्या. एकीनं विहिणीला, तिलाही छातीत दुखायचं म्हणून, आणि विहिणीचं दुखणं ॲसिडिटीचं निघालं. कोणीच चोरून केलं नव्हतं. विचारलं की भडाभडा सांगत होत्या. विचारणाराच मिळाला नव्हता.

मॅडम सभेला गेल्या आणि तिथं हे सगळं सांगितलं. मासिकाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं, तेही छापून आलं, मागच्या पानावर, बोटभर. आता माझा खरा राग ऐका. मूळ लेखाचं नाव लोक आजही घेतात. मी नोकरीत होते तोवर सर दर सोमवारी सांगायचे, अजून एकानं घेतलं. दुरुस्तीचं नाव कोणी घेत नाही. मी विचारायचे, सर, त्या बोटभर पत्राचं किती जणांनी घेतलं? सर चष्मा पुसायचे. दुसऱ्या राज्यात कुठंतरी माझ्यासारखी एखादी बाई आजही झोळी घेऊन जुना फॉर्म भरत असेल, होय, शून्य, होय, शून्य, आणि बाजूच्या दारात कोणी शेवंता हात पुसत उभी असेल. निवृत्त व्हायच्या आधी आमच्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्या प्रत्येकीच्या फॉर्मवर तिसरा प्रश्न मी पेनानं खोडून ‘खाल्ल्या कोणी?’ असं हातानं लिहून द्यायचे. त्याला कोणी संशोधन म्हणत नाही.

शेवंताची गाठ पसरली नव्हती. तपासणीत कळलं, तिलाही तीच गोळी चालण्यासारखी होती. हा निव्वळ नशिबाचा भाग, वेगळ्या जातीची गाठ असती तर दोन वर्षं फुकट गेली असती. तिचं ऑपरेशन झालं. पोरीचं लग्नही झालं. मुलाकडचे सगळं माहीत असूनच पाहायला आले होते, लपवण्यात काही अर्थ नव्हता हे शेवंताला नंतर कळलं.

सुमनला मॅडमनी पूर्ण गोळी चालू ठेवली. रोज एक, तिची एकटीची. शेवंताला वेगळं पाकीट, वेगळ्या रंगाच्या फडक्यात. सुमनला हे विचित्र वाटायचं, शेवटपर्यंत. “बाजूच्या घरात थे तेच खाते, आन मी इकडं तेच खातो, मंग दोन फडके कायले?” पण खाल्ल्या. सहा महिन्यांनी तिची पाठ इतकी कमी दुखायला लागली की ती तळ्याच्या पाळीवर चालत गेली, मला फोन करायला. स्कॅनमध्ये आजार जिथल्या तिथं थांबला होता. मॅडमनी तो फोटो माझ्यासमोर धरला.

त्यानंतर तीन उन्हाळे ती तळ्यावर वाट्याला बसली. मग आजार पुन्हा हलला आणि गोळी उपयोगी पडेना. या वेळी रजिस्टर खरं बोलत होतं. ती गेली. पहिल्या दोन वर्षांच्या अर्ध्या गोळ्या पूर्ण असत्या तर किती मिळाले असते तिला, हे मी मॅडमना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, “सांगता येत नाही, बाई.” मोठ्या लेखाच्या मॅडमना जे सांगता येत नाही, ते मी मनात रोज मोजते.

ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम तळ्यावर गेले. ढीग मांडले होते. शेवंता पाठ करून उभी होती, त्या वर्षी तिचा मान. एक म्हातारा ढिगावर हात ठेवून विचारत होता.

“हा कोणाचा?”

“सुमनच्या घरचा.”

“हा कोणाचा?”

“गोळीवाल्या बाईचा.”

मला वाटलं, थट्टा आहे. पण पुढच्या ढिगावर हात गेला.

“हा?”

“मॅडमचा.”

तेव्हापासून दर उन्हाळ्यात एस.टी.च्या कंडक्टरबरोबर वरोऱ्याला एक पिशवी येते, वाळवलेल्या मासोळीचे दोन वाटे, दोन रंगांच्या फडक्यांत. सगळ्या एस.टी.ला वास सुटतो आणि कंडक्टर मला दरवर्षी बोलतो. मॅडम शाकाहारी आहेत. तरी फोन करून विचारतात, “बाई, माझा वाटा आला का?” मी सांगते, आला. आठ दिवसांनी पुन्हा विचारतात, संपला का? मी सांगते, संपला. त्या हसतात आणि पुढचं विचारत नाहीत. मॅडमनी तरी विचारायला पाहिजे, खाल्ला कोणी.